नीलशिखर की आंगन?

भरताची वांगी गॅसवर भाजत होती आणि त्यांचा खमंग, करपट वास जिन्यावरून थेट गच्चीपर्यंत पोचला होता. शेजारच्या सक्सेना आंटींनी भिंतीवरून डोकावून विचारलंसुद्धा, "मृदुला जी, आज आपके यहाँ वो बैंगनवाला त्योहार है ना? हमारे हिस्से का मत भूलना." मृदुलाने हसून मान हलवली. टेंब्यांच्या घरात चंपाषष्ठी कधी चुकली नव्हती. झाशीत येऊन पिढ्या उलटल्या, घरातल्या मुलांची मराठी निम्मी हिंदी झाली, पण मार्गशीर्षात खंडोबाची तळी उचलायची आणि भरीत-रोडग्यांचा नैवेद्य दाखवायचा, हे झालंच पाहिजे.

नाना, म्हणजे तिचे सासरे श्यामसुंदर टेंबे, स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. गॅसपासून चार हातांवर. पान उलटता उलटता त्यांनी विचारलं, "मृदुला, यंदा भरीत करणार नाहीस?"

ती वळली. चिमट्यातलं वांगं तसंच धरून उभी राहिली. सालीची राख ओट्यावर गळत होती.

"करतेय की, नाना."

त्यांनी मान वर केली, तिच्या हाताकडे बघितलं. "हां हां. दिसतंय. पेपरात लक्ष होतं," म्हणाले आणि पेपर जरा जास्तच उंच धरला.

मृदुला परत गॅसकडे वळली, पण तिचं चित्त उडालं. मागच्याच आठवड्यात ती छावनीतल्या शाळेतून घरी आली तेव्हा दूध करपून पातेलं काळं झालं होतं, घरभर धूर होता, आणि नाना पलीकडच्या खोलीत शांतपणे शब्दकोडं सोडवत होते. माईंनी, तिच्या सासूबाईंनी, घाईघाईने सांगितलं होतं, "मीच विसरले गं, देवळात गेले होते." तेव्हा मृदुलाने ते सोडून दिलं होतं. आज सोडवेना.

कारण हे दुसऱ्या कुणाचं नाक नव्हतं. उभा जन्म नानांनी नीलशिखर चहाच्या कंपनीसाठी बुंदेलखंड पालथा घातला होता. आधी कंपनीचे प्रतिनिधी म्हणून, मग स्वतःची एजन्सी घेऊन. मोठ, गरौठा, एरच अशा गावांना, जिथे बस जाई तिथे बसने आणि पुढे सायकलवर, नमुन्यांची पेटी घेऊन ते हिंडले. चिमूटभर कोरडी पत्ती तळहातावर चोळून नाकाशी नेली की पाऊस कसा झालाय ते सांगत. एरचच्या बाजारात त्यांना 'चायवाले पंडितजी' म्हणत, आणि दुकानदारांत वाद झाला तर शेवट एकाच वाक्याने होई, "पंडितजी ने कै दई, तो कै दई." पंडितजींनी सांगितलं, म्हणजे सांगितलं.

आज दुपारी त्याच नाकावर घराचा निवाडा व्हायचा होता, हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

*

जेवणं झाली. तळी उचलली, हळदीने सगळ्यांची कपाळं पिवळी झाली. धाकटा दीर आशिष, नानांची एजन्सी आता चालवणारा, एकटाच आला होता. त्याची बायको मुग्धा बाळंतपणासाठी ग्वाल्हेरला माहेरी गेली होती. तो दोन रोडगे खाऊन गप्प बसला. एरवी भरतावर तुटून पडणारा माणूस.

जयदीपने, मृदुलाच्या नवऱ्याने, हात धुतले आणि कोपऱ्यातली पिशवी उचलून टेबलावर रिकामी केली. पोहे, बेसन, हळद, मीठ, चहा. प्रत्येक वस्तूची दोन पाकिटं, एक नावाजलेल्या कंपनीचं आणि एक 'आंगन'चं. सीपरी बाजाराकडच्या ज्या आंगन मार्टचा तो मॅनेजर होता, त्या मार्टचा हा स्वतःच्या नावाचा माल.

"दादा, सणाच्या दिवशी दुकान मांडायलाच पाहिजे का?" आशिष म्हणाला.

"सणाच्या दिवशीच सगळे भेटतो. तू फोन उचलत नाहीस." जयदीपने पोह्यांची दोन्ही पाकिटं आशिषसमोर सरकवली. "हे बघ. दोन्ही एकाच गिरणीत भरतात. सकाळी ह्यांचं पाकीट, संध्याकाळी आमचं. मी स्वतः जाऊन बघून आलोय. बेसनाचंही तेच. गिऱ्हाईक आता मागची बाजू वाचतं, आशिष. त्याला कळतं की जाहिरातीचा भार आपण उगाच वाहतोय."

"हळद?"

"हळदीत थोडा फरक आहे," जयदीपने कबूल केलं. "आमची रंगाला जरा फिकी. पण रोजच्या भाजीला कोण बघतंय?"

"आई बघते," सलोनी म्हणाली. मृदुलाची ही लेक कॉलेजात होती आणि मराठी बोलताना मध्येच हिंदीत घसरायची. "पापा एक बार वो हल्दी लाए थे, तर आईने दोन चमचे एक्स्ट्रा टाकली. मग सस्ती कुठे पडली?"

माई हसल्या. आशिषही किंचित हसला, आणि क्षणभर मृदुलाला वाटलं की हा विषय इथेच विरेल. पण जयदीप विरू देणारा नव्हता.

"हळद राहू दे. मुद्दा चहाचा आहे. आंगनला आता खेड्यांतल्या छोट्या दुकानांतही माल द्यायचाय. एरच, मोठ, सगळीकडे. त्यांना हवाय गाडीवाला, दुकानदारांना नावाने हाक मारणारा माणूस. असा माणूस इथे एकच आहे. अट एवढीच, की नीलशिखर सोडायचं."

"एवढीच," आशिष म्हणाला.

"नीलशिखर तुला सोडून चाललंय, ते दिसत नाही का? परवा त्यांची गाडी सरळ माझ्या गोडाउनला लागली. तुझ्या डोक्यावरून. तुझ्याकडे राहिली गल्लीबोळातली टपरी. तीही किती दिवस?"

"तुझ्या मार्टमुळेच ना?"

"माझ्या नाही तर दुसऱ्याच्या! उद्या समोर दुसरं उघडेल." जयदीपचा आवाज चढला, मग त्याने तो स्वतःच खाली आणला. "अरे, मुग्धाला काय सांगणार आहेस? घरात मूल येतंय."

आशिषने पाकिटांवरून नजर उचलून नानांकडे बघितलं. नाना शाल गुंडाळून बसले होते, उजवा हात शालीच्या आत.

"नाव म्हणजे नुसतं छापलेलं पाकीट नसतं, दादा. नानांनी ते नाव पायी चालून लोकांच्या घरात नेलंय. तुम्ही म्हणता पत्ती तीच, चव तीच. नाना सांगू देत. दोन कप समोर ठेवा, न सांगता. त्यांनी नीलशिखर ओळखलं तर हा विषय ह्या घरात परत काढायचा नाही. नाही ओळखलं, तर सोमवारी येऊन सही करतो."

"अरे, त्यांना कशाला मध्ये..." मृदुला बोलून गेली.

"नको का? नाना, तुम्ही सांगा."

नानांनी दोन्ही मुलांकडे आळीपाळीने बघितलं. मग म्हणाले, "करा चहा."

*

मृदुलाने दोन पातेल्यांत पाणी चढवलं. सलोनी पत्ती मोजून टाकत होती आणि मजेत गुणगुणत होती. तिच्या लेखी हा खेळ होता. साखर सारखी, दूध सारखं. दोन्ही चहा उकळले, तेव्हा मृदुलाने मुद्दाम दोन्हींवर वाकून वास घेतला. फरक होता. फार नव्हता, पण होता. नीलशिखरला खाली एक गोडसर, भाजल्यासारखा वास होता. आंगनचा चहा नुसता कडक. तिच्यासारख्या भेल कारखान्याच्या कॉलनीत वाढलेल्या, स्टीलच्या मगातून चहा पिणाऱ्या मुलीलाही तो कळला. नानांना कळायलाच हवा.

माई आत आल्या. "सलोनी, बाहेर खारे शेंगदाणे नेऊन ठेव गं," म्हणून त्यांनी नातीला पिटाळलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "नीलशिखर कुठला?"

मृदुलाने उजवीकडच्या कपाकडे बोट दाखवलं. दोन्ही कप पांढरे, एकसारखे, दोन्हींचे कान उजवीकडे. माईंनी नीलशिखरच्या कपाचा कान हळूच डावीकडे फिरवला.

"माई?"

"काही विचारू नकोस," माई म्हणाल्या. "त्यांची लाज राखायची आहे, एवढं समज."

म्हणजे नानांना वास येत नाही हे माईंना ठाऊक होतं. करपलेलं दूध, सकाळचं भरीत, सगळं मृदुलाच्या डोक्यात एकदम जागेवर बसलं. सलोनी आली, ट्रे घेऊन गेली, आणि त्या दोघी सासू-सुना दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या.

नानांनी डाव्या हाताने पहिला कप घेतला. बशीत ओतला, भुरका मारला, मोठा, सगळ्या खोलीत ऐकू जाईल असा, जसा ते बाजारात दुकानदारांसमोर मारत. डोळे मिटले. दुसरा कप. पुन्हा भुरका. कुणी हलत नव्हतं. जयदीपच्या कपाळावरची हळद घामाने ओघळली होती.

"ह्याला अंग आहे," नाना म्हणाले. आवाज भरदार लागला, जुना. "पहिल्या घोटाला जिभेच्या टोकावर येतो, मग घशात उतरताना गोडी सोडतो. पाऊस संपल्यावरची पत्ती. आणि तो दुसरा नुसता रंगाचा. कडक आहे, पण आत काही नाही." त्यांनी बोट ठेवलं. "हा आपला. नीलशिखर."

बोट उजव्या कानाच्या कपावर होतं.

सलोनीने तोंडावर हात नेला. "नाना, वो तो..."

जयदीपने बायकोकडे बघितलं. मृदुलाला बोलावंच लागलं. "तो आंगनचा आहे, नाना."

आशिष उठून उभा राहिला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "नाना, परत प्या. नीट बघून प्या."

नाना परत प्यायले. सावकाश. "हाच," म्हणाले. "मला हाच चांगला लागतो. तुम्ही म्हणता आंगनचा, तर आंगनचा."

"म्हणजे इतकी वर्षं आपण काय विकलं?" आशिषचा आवाज फाटला. "उन्हातान्हात हिंडून, मला मांडीवर घेऊन दुकानदारांना सांगत होतात ना, बेटा, पत्ती झूठ नहीं बोलती? ते काय होतं? नुसतं नाव विकलं?"

"नावच विकलं," नाना म्हणाले.

जयदीप जिंकला होता, पण त्याला कुठे बघावं ते कळत नव्हतं. तो पोह्यांची पाकिटं परत पिशवीत भरू लागला. आशिषने चपला पायात सरकवल्या. माईंनी "अरे, प्रसाद तरी..." म्हणेपर्यंत तो फाटकाबाहेर होता आणि गल्लीत त्याच्या गाडीचं इंजिन घरघरत होतं.

*

माई ओट्याला टेकून रडत होत्या, आवाज न करता. "मी कान बरोबर फिरवला होता ना गं? सकाळीच सांगून ठेवलं होतं त्यांना. डावा कान आपला, डावा कान आपला. विसरले. तेवढंही लक्षात राहिलं नाही."

मृदुला त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि त्या जरा शांत झाल्यावर गच्चीवर गेली. नाना उन्हात उभे होते. दूर किल्ल्याच्या बाजूला पतंग उडत होते. शाल खांद्यावरून घसरली होती आणि उजवा हात उघडा पडला होता. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर सारखी फिरत होती, अदृश्य गोळी वळावी तशी.

मृदुलाचे पाय जागीच थांबले. तिच्या वडिलांचा, अप्पांचा हात असाच होता. भेलमधून निवृत्त व्हायच्या आधी कधीतरी ते म्हणाले होते, हल्ली आंब्याला वास राहिला नाही, बाजारात सगळं खोटं येतं. सगळे हसले होते. हात कापायला लागला तो बऱ्याच वर्षांनी, आणि मग पाय, आणि मग बोलणं. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं, कंपवातात बऱ्याचदा वास आधी जातो. अप्पांचं जे जे झालं, ते तिने स्वतःच्या हातांनी निस्तरलं होतं. पुढचा सगळा रस्ता तिला पाठ होता.

"नाना, वास कधीपासून येत नाही?"

त्यांनी दचकून हात शालीत ओढला. मग ती नजर वळवणार नाही हे ओळखून शाल सोडून दिली.

"दुसरं वर्ष असेल. आधी वाटलं, कंपनी हलका माल द्यायला लागली. भांडलोसुद्धा त्यांच्याशी. मग एक दिवस मी डोळे मिटून पडलो होतो आणि कुणीतरी शेजारी येऊन बसलं. मला कळेना कोण. डोळे उघडले तर ही. डोक्याला माक्याचं तेल थापून बसलेली. अगं, लग्न झाल्यापासून त्या वासावर मी मान न वळवता ओळखत आलो तिला." ते थांबले. "चहा आता फक्त गरम लागतो. गोड लागतो. बस्स."

"माई रडतायत. त्यांना वाटतंय तुम्ही खूण विसरलात."

"डावा कान," नाना म्हणाले. "बघितला मी. बसल्या बसल्या पहिला तोच बघितला."

मृदुलाला क्षणभर अर्थच लागेना.

"मग?"

"मग काय! मी त्याला किती वेळा सांगितलं, सोड ती एजन्सी. म्हणतो, नाना, तुम्ही उभं केलंय, मी कसं मोडू? माझ्यापायी बसलाय तो त्या गोडाउनात. जयदीप म्हणतो ते खरं आहे, गं. पाकिटावरची नावं आता कुणाला नको आहेत. मला राग येतो, पण खरं आहे. उद्या त्याच्या घरात पाळणा हलेल आणि हा माझ्या नावाला कवटाळून बसेल. आज मी ओळखला असता तर तो जन्मभर तिथून उठला नसता. म्हणून म्हटलं, माझंच नाव पुसून टाकू."

"तो काय काय बोलला तुम्हाला!"

"ते लागलं," नाना शांतपणे म्हणाले. "लागणारच. मांडीवर घेऊन शिकवलं होतं त्याला." मग तिच्याकडे वळले. "हे तुझ्या-माझ्यात. माईलाही नाही सांगायचं, तिच्या पोटात राहत नाही. आशिषला तर नाहीच."

"आणि डॉक्टर? नाना, तुमचा हात..."

"आधी त्याची सही होऊ दे. मग म्हणशील तिथे येतो."

*

संध्याकाळी तिने जयदीपला नाकाचं आणि हाताचं सांगितलं, कपाचं नाही. तो पलंगाच्या कडेला बसून राहिला. बराच वेळ त्याने दोन्ही हातांत डोकं धरलं होतं, आणि मृदुलाला त्याची कणव आली.

"आधी का नाही कळलं आपल्याला?" तो म्हणाला. "एकाच घरात राहतो." थोड्या वेळाने मान वर करून म्हणाला, "मृदुला, सोमवारपर्यंत आशिषला सांगू नकोस. त्याला कळलं की तो म्हणेल, ती परीक्षाच खोटी होती. सही करणार नाही."

"हे त्याच्यासाठी म्हणतोस की तुझ्यासाठी? मार्टचे वरचे लोक मागे लागलेत ना तुझ्या?"

"दोन्ही एकच आहे."

एकच होतं खरं. नानाही तेच म्हणत होते. तरीही नानांच्या तोंडून ऐकलेलं तिला सोसलं होतं आणि नवऱ्याच्या तोंडून सोसेना. अप्पांच्या आजारात कुणी कुणाला काय सांगायचं नाही ह्याचेच हिशोब घरात चालले होते, आणि त्या हिशोबांत शेवटी अप्पा एकटे पडले होते. आशिषला निदान आजाराचं तरी कळायला हवं. तो मुलगा होता.

*

रविवारी सकाळी ती ओरछा गेटला गेली. गल्लीत कोबीची गाडी आडवी लागली होती. आशिषच्या गोडाउनचं शटर अर्धं वर होतं. आत निळ्या खोक्यांच्या थप्प्या, पण पूर्वी छतापर्यंत असायच्या त्या आता कमरेपर्यंत.

"या, वहिनी." त्याने एका खोक्यावर पोतं पसरलं. दाढी वाढली होती, डोळे लाल. "दादाने पाठवलं?"

"नाही. त्याला माहीतही नाही. भावजी, कालचं मनावर घेऊ नका. नानांना वास येत नाही. बरेच दिवस झाले. चवही त्याच्याबरोबर गेली."

"मला माहीत आहे."

मृदुला त्या पोत्यावर बसली.

"पावसाळ्यात इथे पाणी शिरलं होतं. काही खोकी भिजून कुबट झाली. दारातून आत पाऊल टाकवत नव्हतं. नाना आले, ओली पत्ती तळहातावर घेतली, चोळली, नाकाशी नेली आणि म्हणाले, छान आहे, पाठव एरचला." आशिषने बंद मुठीने डोळे चोळले. "मी म्हटलं, पाठवतो. ते गेल्यावर सगळी फेकून दिली."

"मग काल तो चहाचा डाव कशाला मांडलात?"

"मीच माईला सांगितलं होतं कान फिरवायला, माझं नाव नानांना कळू न देता, वहिनी. दादा रोज त्यांच्यासमोर म्हणतो, नावात काही नसतं, ब्रँड म्हणजे थाप. ते ऐकून बसतात बिचारे. म्हटलं, एकदा सगळ्यांसमोर त्यांना जिंकू दे. सलोनीसमोर, दादासमोर. पुन्हा कुणी त्यांच्यापुढे ते पाकीट नाचवणार नाही. धंदा बुडाला तरी चालेल, पण ते असेपर्यंत ही पाटी उतरवायची नाही, असं ठरवलं होतं मी."

बाहेर कोबीवाला कुणाशी तरी भावावरून हुज्जत घालत होता. बापाने लेकासाठी, लेकाने बापासाठी. दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याचं ठाऊक नाही.

"एवढंच सांगा," आशिष म्हणाला. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, लहान मुलासारखा. "त्यांनी कान बघितला नाही का? काल संध्याकाळपासून मी तोच विचार करतोय. माई म्हणते, सकाळी दोनदा सांगितलं होतं. ते विसरणारे नाहीत. की बघून मुद्दाम केलं? तसं असेल तर मी... तसं असेल तर मी हे सोडूच शकत नाही, वहिनी."

त्याच्या चेहऱ्यावर आशा होती. ती बघवत नव्हती.

खरं सांगितलं, तर हा ह्या कमरेएवढ्या थप्प्यांमध्ये उभा राहील, मूल मोठं होईपर्यंत, थप्प्या जमिनीला लागेपर्यंत, कौतुकाने, कृतज्ञतेने. आणि घरी त्या म्हाताऱ्याने आपलं नाव पुसलं ते फुकट जाईल. आणि खोटं सांगितलं, तर ह्याच्या मनात बाप आजपासून हरवत जाणारा माणूस होईल.

"नाही बघितला," मृदुला म्हणाली. "माझ्यासमोरच प्यायले. कानाकडे लक्षच नव्हतं. भावजी, हल्ली विसरतात ते. हातही कापतो. माझ्या अप्पांचं असंच सुरू झालं होतं."

आशिष खाली बसला, पोत्यावर नव्हे, तशाच फरशीवर. मग तो रडला, आणि तिने त्याला रडू दिलं.

"आणि मी डाव फसल्याच्या रागात त्यांना काय काय बोललो," तो म्हणाला. "ज्याला काही आठवत नाही अशा माणसाला."

"त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही."

"तेही आठवत नसेल." तो उठला, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "दादाला सांगा, सोमवारी येतो. आता ही पाटी कुणासाठी ठेवू? आणि नानांना ग्वाल्हेरला मी नेतो, तिथे चांगले डॉक्टर आहेत. मुग्धालाही भेटणं होईल. पण मला कळलंय हे त्यांना सांगू नका. त्यांना वाईट वाटेल."

"नाही सांगत," मृदुला म्हणाली.

परत येताना टेम्पोत ती कोपऱ्यात अंग चोरून बसली. माई समजत होत्या की नवरा विसरला. आशिष तेच समजत होता. जयदीपला कपाचं काही माहीतच नव्हतं. ह्यातलं काहीही चुकून जिभेवर येऊ द्यायचं नव्हतं, कदाचित कायमचंच, आणि उद्यापासून शाळेत जायचं, डबे भरायचे, सगळ्यांशी नेहमीसारखं बोलायचं.

नाना गच्चीवर सतरंजी टाकून मटार सोलत होते. हिवाळ्यात हे काम त्यांचं. शेंगा फुटत नव्हत्या, दाणे सुपाबाहेर घरंगळत होते.

"आशिषकडे गेली होतीस?"

"हो."

"सांगितलंस का काही?"

"नाही. मुग्धाची चौकशी करायला गेले होते. सोमवारी सही करतो म्हणाला."

नानांनी शेंग खाली ठेवली. त्यांचा सगळा देह सैल पडला, जणू कुणीतरी आतून धरून ठेवलं होतं ते सुटलं. "बरं झालं," म्हणाले. "फार बरं झालं." मग थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता, "त्याला राग आहे का अजून?"

मृदुलाला फरशीवर बसलेला आशिष दिसला. राग नाही म्हणावं, तर हे विचारतील, 'का नाही?', आणि मग आशिषला आजाराचं सांगितल्याचं बाहेर येईल.

"आहे," ती म्हणाली.

नानांनी मान हलवली. "असू दे. थोडे दिवस असू दे."

ती त्यांच्याशेजारी बसली, सुपातल्या अर्ध्या शेंगा आपल्याकडे ओढल्या आणि त्यांच्या हाताकडे न बघता सोलायला लागली.